ओकचे मूळ आणि कुंडीचा तळ

१८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली ब्रिटिश आरमारासाठी ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका बांधून झाली. ती मलबारच्या सागवानाची होती, आणि आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे पाण्यावर उभी आहे. ओकच्या लाकडावर ज्यांनी आपली आरमारी सत्ता उभारली, त्यांना सागासाठी मुंबईला का यावे लागले, याचे ठरलेले उत्तर असे की इंग्लंडमधले ओक तोडून तोडून संपत आले होते. हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. तोडलेल्या झाडांच्या जागी नवी लावावीत अशी इच्छा तिथे दीडशे वर्षांपासून होती. कायदे होते, जमीन होती, पैसाही होता. हवे त्या जागी ओकचे झाड हमखास उभे राहील अशी रीत मात्र नव्हती. ओकच्या लागवडीचा इतिहास राजे, जहाजे आणि जंगलखात्यांच्या अंगाने पुष्कळ सांगितला गेला आहे. तो रोपवाटिकेच्या अंगाने वाचला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तीन शतके लोक रोपाच्या शेंड्याकडे पाहत राहिले आणि रोप मरत राहिले ते मुळाशी. कुंडी किंवा पिशवी आली म्हणून हा प्रश्न सुटला, असे रोपवाटिकांच्या प्रगतीची कथा सांगताना म्हटले जाते. माझ्या मते कुंडीने तो आधी वाढवला, आणि कुंडीचा तळ काढून टाकल्यावरच तो सुटू लागला.

याचे कारण बियाच्या स्वभावात आहे. ओकचे फळ, म्हणजे खरखरीत वाटीत बसलेले एकॉर्न, धान्यासारखे वाळवून कणगीत ठेवता येत नाही. ताज्या फळाच्या वजनात चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ते ठराविक मर्यादेखाली गेले की बी मरते, मग कितीही भिजवा. म्हणून ते गोळा करायचे ते झाडावरून पडल्यावर लगेच, पाण्यात टाकून बुडणारे ठेवायचे आणि तरंगणारे बहुधा टाकून द्यायचे. तरंगणाऱ्यांत भुंग्याच्या अळीने पोखरलेली असतात, नुसती सुकलेलीही असतात. त्यामुळे जाणकार माळी एक रात्र भिजवून पुन्हा एकदा बघतो. साठवायचेच झाले तर गोठणबिंदूच्या जरा वर, ओलसर आणि श्वास घेऊ शकतील अशा पिशव्यांत. ओकच्या दोन मोठ्या गटांचे वागणेही वेगळे. पांढऱ्या ओकचे फळ शरद ऋतूत पडते आणि थंडी सुरू व्हायच्या आधीच मूळ सोडते. तांबड्या ओकला दोन-तीन महिन्यांची ओली थंडी मिळाल्याशिवाय जाग येत नाही. पण खरी मेख पुढे आहे. पांढऱ्या ओकचे पान वसंतात दिसते, तोपर्यंत जमिनीत सोटमूळ वीतभर किंवा त्याहून जास्त खाली गेलेले असते. दोन पानांचे इवलेसे रोप पाहणाऱ्याला त्याच्याखाली काय चालले आहे याची कल्पनाच येत नाही.

जॉन एव्हलिन याने ओकची कड घेऊन जे पुस्तक लिहिले, ते ‘सिल्वा’, १६६२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सादर झाले आणि १६६४ मध्ये छापले गेले. आरमाराच्या अधिकाऱ्यांनी लाकडाच्या टंचाईबद्दल सोसायटीला विचारणा केली, त्यातून ते जन्मले. फ्रान्समध्ये कोल्बेरने १६६९ च्या वनाज्ञेने याच काळजीपोटी जंगले सरकारी शिस्तीखाली आणली. या सगळ्या खटाटोपात बी पेरावे की रोप लावावे, हा वाद पहिल्यापासून होता. जागच्या जागी बी पेरणारे म्हणत की निसर्ग तेच करतो. अ‍ॅडमिरल कॉलिंगवूड नॉर्थम्बरलंडमध्ये फिरताना खिशातली एकॉर्न जमिनीत खुपसत जाई, असे सांगतात. देशभक्तीचे चित्र म्हणून ते सुरेख आहे. पण सरकारी पातळीवर हाच प्रयोग झाला तेव्हा त्याचे काय झाले याची नोंदही आहे. १८०८ च्या कायद्याने डीनच्या राजवनात अकरा हजार एकर जमिनीला कुंपण घालून ओक लावण्याची परवानगी मिळाली. पुढच्या काही वर्षांत तिथे बी पेरले गेले, रोपेही लावली गेली. आणि १८१३-१४ मध्ये डीन आणि न्यू फॉरेस्ट या दोन्ही ठिकाणी उंदरांचा असा सुळसुळाट झाला की पेरलेली फळे तर गेलीच, पण कोवळ्या झाडांच्या साली आणि मुळेही त्यांनी कुरतडली. मांजरे सोडून झाली, पिंजरे लावून झाले. शेवटी तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असे खड्डे खणले, त्यांत उंदीर हजारोंनी सापडले. याच वनात लागवडीची देखरेख करणाऱ्या विल्यम बिलिंग्टनने १८२५ मध्ये पुस्तक काढले. भावी आरमारांसाठी ओक बियापासून, लहान रोपापासून आणि मोठ्या रोपापासून वाढवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती, आणि त्यांत आलेल्या अडचणी, हाच त्याचा विषय. एव्हलिननंतर दीडशेहून अधिक वर्षांनी एका अनुभवी माणसाला या विषयावर अख्खे पुस्तक लिहावेसे वाटले, यातच प्रश्न किती अनिर्णित होता ते आले.

बी पेरण्याच्या जोडीला वाफ्यातले रोप होतेच. वाफ्यात ओक वाढवून दुसरीकडे लावायचा तर सोटमुळाचे काय करायचे, हे माळ्यांना फार पूर्वी कळले होते. जुन्या बागकामात बियाखाली कौलाचा तुकडा किंवा चपटा दगड पुरण्याची युक्ती होती: मूळ त्यावर आदळले की खाली जायचे थांबून आडवे फुटते. पुढे वाफ्यातल्या रोपांच्या खालून धारदार पाते फिरवून सोटमूळ छाटण्याची पद्धत रूढ झाली, आधी कुदळीने, मग घोड्याच्या आणि ट्रॅक्टरच्या ताकदीने. यावर आक्षेप असा, आणि तो आजही ऐकू येतो, की सोटमूळ हाच ओकचा कणा. तो छाटलेले झाड जन्माचे पांगळे. हा आक्षेप भावनेला पटणारा असला तरी झाडाला मान्य दिसत नाही. वादळात उन्मळलेल्या जुन्या ओकच्या बुंध्याखाली पाहिले तर बहुधा भाल्यासारखे एकच मूळ नसते, चोहीकडे पसरलेल्या मुळांची थाळी असते. सोटमूळ पहिल्या काही वर्षांची गरज आहे, पण त्या वर्षांत ती फार मोठी गरज आहे. आपल्या सागाचे उदाहरण इथे उपयोगी पडते. सागजडी करताना रोपाचा शेंडा तर उडवतातच, मूळही वीतभर ठेवून बाकी छाटतात, आणि तरी पावसाच्या तोंडावर लावलेली जडी फुटते. सागाला जे जमते ते ओकला तसेच जमत नाही. पण मूळ छाटणे म्हणजे झाड मारणे नव्हे, हे त्यातून सिद्ध होते. प्रश्न छाटावे की नाही हा नाहीच. कधी, किती आणि छाटल्यावर काय उगवते, हा आहे.

तिसरी वाट कुंडीची, आणि ती सर्वांत जुनी. इजिप्तची राणी हात्शेप्सुत हिच्या देर अल-बहारी इथल्या मंदिरात पुंत देशाहून धूपाची झाडे टोपल्यांत घालून आणल्याची शिल्पे आहेत. ती इसवी सनापूर्वीच्या पंधराव्या शतकातली. तरी जंगल लावण्यासाठी कुंडी परवडत नव्हती. ती जड, महाग, आणि तिच्यात भरायची माती दर माळ्याची निराळी, अनेकदा रोगट. या दुसऱ्या अडचणीवर विसाव्या शतकात दोन मोठी पावले पडली. इंग्लंडमधल्या जॉन इनिस संस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी १९३० च्या दशकात गाळाची माती सात भाग, पीट तीन आणि वाळू दोन असे कुंडीचे प्रमाणबद्ध मिश्रण ठरवले, माती वाफेने निर्जंतुक करून. कॅलिफोर्निया विद्यापीठात केनेथ बेकर याने १९५७ मध्ये संपादित केलेल्या पुस्तिकेत शेतातली माती काढूनच टाकली. बारीक वाळू आणि पीट, तेही वाफवलेले, आणि त्याबरोबर स्वच्छ बी, स्वच्छ हात, स्वच्छ अवजारे. निरोगी रोप हे औषधाने होत नाही, रोग आत न येऊ देण्याने होते, ही गोष्ट त्या पुस्तिकेने जितक्या हट्टाने मांडली तितकी त्याआधी क्वचितच मांडली गेली असेल. मग पॉलिथिन आले आणि भांड्याचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. जगभरच्या वनखात्यांनी काळी पिशवी उचलली. महाराष्ट्रातल्या सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकाही तिच्यावरच उभ्या राहिल्या.

इथेच घात झाला. गुळगुळीत, गोल, बंद तळाच्या भांड्यात ओकचे मूळ सरळ खाली जाते, तळाशी आपटते, वळते आणि गोल गोल फिरू लागते. बाजूची मुळे भिंतीला चिकटून तसेच करतात. वर रोप हिरवेगार, उंच, विक्रीला उत्तम. जमिनीत लावल्यावर हे वेटोळे सुटत नाही. जाडी वाढते तसे ते स्वतःभोवतीच आवळत जाते, आणि आठ-दहा वर्षांनी जोराच्या वाऱ्यात झाड मुळासकट कलते किंवा आपल्याच मुळांच्या फासात सुकते. कॅनडात, विशेषतः ब्रिटिश कोलंबियात, १९७० नंतर भांड्यांतून लावलेल्या पाइनच्या लागवडी अशा कलू लागल्या तेव्हा या दोषाची चर्चा सुरू झाली. ओकच्या बाबतीत तो अधिक तीव्र, कारण त्याचे मूळ पहिल्या आठवड्यांतच तळ गाठते. म्हणजे वाफ्यातल्या माळ्याने कौलाचा तुकडा ठेवून जे साधले होते ते पिशवीने उलटे केले. तिने मुळाला अडवले, पण फुटू दिले नाही. पिशवी स्वस्त होती, वाहतुकीला सोपी होती, आणि रोपांची मोजदाद उंचीवर चालत होती. या तीन कारणांनी दोष दिसूनही वर्षानुवर्षे चालू राहिला. मोजणाऱ्याला जे दिसते तेच मोजले जाते, ही सरकारी कामातली जुनी खोड आहे.

यावरचा तोडगा हास्यास्पद वाटावा इतका साधा निघाला. ओक्लाहोमात कार्ल व्हिटकॉम्ब याने दुधाची कागदी खोकी घेतली, त्यांचा तळ काढला आणि ती जमिनीपासून उचललेल्या जाळीवर ठेवली. मूळ तळाशी येते, मोकळ्या हवेत डोकावते आणि टोक सुकून मरते. टोक मेले की त्याच्यामागे नवी मुळे फुटतात. ती तळाला आली की त्यांचेही तेच होते. कात्री नाही, पाते नाही, मजूर नाही. हवाच छाटणी करते, आणि तीही रोज. त्याच सुमारास कॅनडात उभ्या खाचांची, पुस्तकासारखी उघडणारी भांडी निघाली, ज्यांत बाजूची मुळे गोल फिरण्याऐवजी खाचेने खाली उतरतात. भारतातल्या रोपवाटिका आज ज्यांना रूट ट्रेनर म्हणतात ती याच कुळातली. आतून तांब्याच्या संयुगाचा रंग दिलेली भांडीही आली, भिंतीला लागताच मुळाचे टोक थांबावे म्हणून. या सगळ्यांत नवे काय होते? भांडे मुळाला धरून ठेवण्यासाठी नसून योग्य जागी सोडून देण्यासाठी आहे, एवढेच. पण भांड्याची व्याख्याच त्याने बदलली.

तरीही वाद मिटला नाही, उलट जास्त नेमका झाला. हवेने छाटायचे तर किती खोलीवर? व्हिटकॉम्बच्या पठडीतले लोक उथळ भांड्याच्या बाजूचे: लवकर छाटा म्हणजे मुळे वरच्या थरात दाट फुटतील. कोरड्या प्रदेशात काम करणाऱ्यांना हे मानवत नाही. स्पेनच्या वलेन्सिया भागात बुचाच्या ओकवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अठरा सेंटिमीटर खोल आणि तीस सेंटिमीटर खोल भांड्यांतली रोपे ताडून पाहिली. खोल भांड्यातल्या रोपांचे सोटमूळ लांब होते आणि लागवडीनंतर ती जमिनीच्या खालच्या थरातले पाणी गाठायला अधिक सक्षम ठरली. भूमध्य समुद्राच्या काठी पहिला उन्हाळा हीच ओकची परीक्षा असते; तिथे वरच्या थरातली दाट मुळे ऑगस्टमध्ये कोरड्या मातीत बसून राहतात. मला वाटते दोन्ही बाजू बरोबर आहेत, कारण दोघांची जमीन वेगळी आहे, आणि दोघांनाही एकच सार्वत्रिक भांडे हवे आहे हीच चूक आहे. पूरमैदानातल्या ओलसर गाळात लावायच्या ओकला रुंद, दाट मुळांचा गोळा लागतो. खडकाळ उतारावरच्या ओकला खोल जाणारे एक शिस्तीचे मूळ.

पूरमैदानाचे उदाहरण मिसूरीतले आहे. १९९३ च्या महापुरानंतर मिसूरी नदीकाठच्या शेतजमिनींवर पुन्हा ओक आणण्याचे प्रयत्न झाले, आणि १९९९ मध्ये लावलेल्या प्रयोगांत दोन तऱ्हेची रोपे शेजारी शेजारी होती: वाफ्यातून उपटलेली उघड्या मुळांची, आणि हवेने छाटलेली, अकरा व एकोणीस लिटरांच्या भांड्यांतली मोठी. मोठी रोपे अधिक जगली, सशांच्या तोंडून अधिक वाचली, आणि पाणथळीच्या पांढऱ्या ओकच्या काही रोपांना पहिल्या काही वर्षांतच फळे धरली. यावर हिशेबी माणूस म्हणेल की एका भांड्यातल्या रोपाच्या किमतीत उघड्या मुळांची कितीतरी रोपे येतात. दहातले दोन जगले तरी फायद्यात. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, आणि इंग्लंडसारख्या थंड, ओल्या देशात तो बहुधा जिंकतोही. त्याला एक उत्तर उघड्या मुळांच्या रोपवाटिकेनेच दिले आहे. जॉर्जियातल्या अथेन्स इथे अमेरिकी वनसेवेचा पॉल कोर्मनिक आणि त्याचे सहकारी यांनी १९८० च्या दशकापासून ओकची रोपे उंचीवर न निवडता सोटमुळातून निघालेल्या जाड बाजूमुळांच्या संख्येवर निवडायला सुरुवात केली. पाच-सहाहून कमी बाजूमुळे असलेली रोपे, वर कितीही देखणी असली तरी, शेतात मागे पडत. म्हणजे स्वस्त पद्धतीतही निम्मी रोपे फेकायची तयारी हवी, आणि मग ती तितकीशी स्वस्त राहत नाही. दहातले दोन जगले हा हिशेबही खड्डे खणणाऱ्याची मजुरी आणि हुकलेला पाऊस धरला की बदलतो.

उरतो सर्वांत जुना आक्षेप: बी जागेवरच का पेरू नये? ‘जे’ (jay) नावाचा एक पक्षी एका शरद ऋतूत काही हजार एकॉर्न पुरून ठेवतो आणि त्यातली विसरलेली उगवतात. एक पैसा खर्च नाही, मूळ अस्पर्श. खरेच आहे. पण जिथे ओकचे जंगल आधीच आहे, गवताची दाटी नाही आणि बी भरपूर पडते, तिथेच हा हिशेब जमतो. उघड्या, गवताळ, गुरे चरणाऱ्या जमिनीवर उंदीर, हरीण आणि दुष्काळ मिळून जवळजवळ सगळे संपवतात. १९७९ मध्ये ब्रिटनच्या वनखात्यातल्या ग्रॅहम ट्युली याने ओकच्या कोवळ्या रोपांभोवती प्लास्टिकची उभी नळी लावून पाहिली. रोपे वाचली आणि नळीतल्या दमट हवेत वेगाने वाढलीही. त्यानंतर पेरलेल्या बियाचे पारडे पुन्हा थोडे जड झाले, कारण नळी रोपाला जशी राखते तशी बियालाही राखते.

पण भांड्यातल्या ओकविरुद्धचा सर्वांत भारी पुरावा पेरणीवाल्यांनी आणला नाही, रोगाने आणला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत टॅनओक आणि ओक अचानक मरू लागले. कारण ठरले फायटोफ्थोरा रामोरम. बुरशीसारख्या वाटणाऱ्या, पाण्यातून पसरणाऱ्या या जीवाला २००१ मध्ये नाव मिळाले, आणि तो त्याआधीच जर्मनी-नेदरलँड्समधल्या रोपवाटिकांत शोभेच्या ऱ्होडोडेंड्रॉनवर सापडलेला होता. २००४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रोपवाटिकेतून कॅमेलियाची लागण झालेली रोपे अनेक राज्यांत पोचली. २०१२ मध्ये तर मॉन्टेरे परगण्यात, देशी वनस्पती वाढवून जंगल पूर्ववत करण्यासाठी पुरवणाऱ्या रोपवाटिकेतच, याच कुळातली दुसरी जात सापडली. जंगल वाचवायला लावलेल्या रोपाच्या मातीतून जंगल मारणारा रोग जाऊ शकतो, हे तेव्हा उघड झाले. उघड्या मुळांच्या रोपालाही माती चिकटते, पण भांडे म्हणजे ओलावा, माती आणि मूळ यांचा बंद गठ्ठा. रोगाला याहून सोयीचे वाहन नाही. यावर जे नियम आले ते पाहिले तर बेकरची १९५७ ची पुस्तिका आठवते: मिश्रण उष्णतेने निर्जंतुक करा, भांडी धुवा, पुन्हा वापरलेली कुंडी आधी तापवा, रोपे जमिनीवर न ठेवता जाळीच्या उंच मांडवावर ठेवा म्हणजे पाणी एका कुंडीतून दुसरीत वाहणार नाही. शेवटचा नियम आणि व्हिटकॉम्बची जाळी एकच आहेत. मुळाला हवा लागावी म्हणून उचललेला तळ रोगालाही तोडतो. उथळ पन्हाळीत, पिशवीखाली साचलेल्या पाण्यात उभी केलेली रोपे दोन्ही अर्थांनी बिघडतात. आणि जिथे ही शिस्त पाळता येत नाही तिथे कॅलिफोर्नियातल्या फायटोफ्थोराविषयीच्या मार्गदर्शनाचा सल्ला सरळ आहे: शक्य असेल तिथे स्थानिक झाडाखालचे एकॉर्न गोळा करा आणि तारेच्या जाळीखाली, जागेवरच पेरा.